कॉफीला एकशेदोन ताप

पहाडगंज, दिल्ली
१४ एप्रिल २०२४

प्रिय राजाभाऊमामा,
सा. न.

तुमच्या कॉफीच्या बिया वीस मार्चला मिळाल्या आणि त्यांची पोच मी आज देतोय. रोज लिहायला बसायचो आणि रोज काहीतरी निघायचं. एकदा कागद आणायला गेलो तर वाटेत बँडवाल्यांच्या दुकानात नवी ट्रम्पेट आली होती, ती फुंकून बघण्यात संध्याकाळ गेली. एकदा कागद होता, पेन होतं, तर माझा मित्र आशय आला आणि म्हणाला, चल यार, हिंदूरावच्या टेकडीवर माकडं बघू. माकडं अकोल्यातही आहेत, पण गेलो. फोन केला असता, तर तुमचा मोबाइल कायम बंद. आई म्हणते, राजादादा फक्त पत्राला उत्तर देतो.

तर मुद्दा असा. मी हेमलताकाकू आणि भाऊसाहेबांच्या गच्चीवरच्या बरसातीत राहतो. बरसाती म्हणजे गच्चीवरची एक खोली, वर सिमेंटचा पत्रा. भाऊसाहेब बाबांच्या मित्राचे थोरले भाऊ, केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर होते. काकू इथल्या मराठी शाळेत शिकवायच्या. दोघं रिटायर होऊन दहा वर्षं झाली, पण ऑफिस आणि शाळा दोन्ही अजून घरात चालू आहेत.

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका ऑफिसच्या कँटीनमध्ये मी महिनाभर ट्रे उचलले. कँटीन देविकाचं. ती जन्मापासून दिल्लीतली, मराठी बोलते पण मधेच हिंदीत घसरते. तिला उन्हाळ्यासाठी कोल्ड ब्रू पाहिजे. म्हणजे कॉफी उकळायची नाही, भरड गार पाण्यात तासन्‌तास भिजत ठेवायची आणि गाळून घ्यायची. मी म्हणालो, माझे मामा चिखलदऱ्याला हेच पितात, बियाही घरच्या झाडांच्या. ती म्हणाली, "अच्छा, मग करून दाखव. जूनपासून रोज पंधरा बाटल्या घेते. पण ऐक, मला बेस्ट नको, सेम पाहिजे. तीन दिवस आण. तीन दिवस सेम लागली तर बात पक्की." बावीस, तेवीस, चोवीस मे ठरली आहे.

हे जमलं नाही तर बाबांचा हुकूम तयार आहे. जूनमध्ये अकोल्याला यायचं आणि काकांच्या सिमेंटच्या दुकानात बसायचं. बसायचं, मामा. मला.

आत्तापर्यंत दोनदा केली. पहिली पाच तासांत गाळली, कारण आशयला तहान लागली होती. बरणी विसळलेलं पाणी प्यावं तशी लागली. दुसरी भिजत घातली आणि सहज म्हणून अलवरला जाणाऱ्या बसमध्ये बसलो. परत आलो तेव्हा एकेचाळीस तास झाले होते. ती कॉफी मी कुंडीत ओतली. कुंडीतल्या तुळशीबद्दल काकू अजून बोलतात.

नक्की किती तास ठेवायची ते कळवा.

तुमचा,
सुधन्वा


चिखलदरा
२२ एप्रिल २०२४

चि. सुधन्वास अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. चार पानांत प्रश्न एकच, तोही शेवटच्या ओळीत.

मी वनखात्यातून निवृत्त झालो तेव्हापासून ही कॉफी पितो. घरामागे दोनशे झाडं आहेत, फळं मीच तोडतो, मीच वाळवतो, लोखंडी कढईत मीच भाजतो. तेव्हा मी सांगतो तसंच करायचं.

बिया जाड्या रव्याहून जाड दळायच्या. शंभर ग्रॅम भरडीला आठशे मिली पाणी. काचेच्या बरणीत घालून एकदा ढवळायचं, झाकण लावायचं, खोलीत सावलीत ठेवायचं. दुपारी दोनला ठेवली की दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गाळायची. अठरा तास. मधे हात लावायचा नाही, हलवायची नाही, झाकण काढून वास घ्यायचा नाही.

अठराच का, तेही सांगतो, म्हणजे तू परत विचारणार नाहीस. आधी आंबटपणा उतरतो. आठ-दहा तासांना गाळलीस तर आंबट आणि पाणचट मिळेल. गोडवा सावकाश येतो, तो सोळाव्या-सतराव्या तासाला जाणवतो. चोवीसच्या पुढे लाकूड चघळल्यासारखी तुरट होते. एकेचाळीसबद्दल मी काही बोलत नाही, तुळशीने सोसलं.

मोजून अकराशे ग्रॅम बिया दिल्या आहेत. पुढच्या द्यायच्या की नाही ते तू ह्यांचं काय करतोस त्यावर. झाडाला फळ वर्षातून एकदाच येतं. माझे गुडघे पाहता मी परतवाड्याच्या खाली उतरून सहा वर्षं झाली, तेव्हा कुरियरच्या माणसाची वाट बघावी लागते हेही लक्षात ठेव.

राजाभाऊ


पहाडगंज
३ मे २०२४

प्रिय मामा,

मी अठरा तास बसलो. ही ओळ दोनदा वाचा, मी चारदा वाचली.

दुपारी दोनला भिजत घातली. तीनला आशय आला, म्हणाला, मेट्रोने शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन परत येऊ. मी नाही म्हणालो. त्याने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. पाचला परत आला, तेव्हा काकूंनीच त्याला हाकललं. मी बरणीच्या बाजूला चटई टाकली आणि तिथेच झोपलो. सकाळी आठला, घड्याळ बघून, काकूंच्या पुरणाच्या फडक्यातून गाळली.

मामा, कडू. साधी कडू नाही, जीभ आत ओढून घेणारी कडू. भाऊसाहेबांनी एक घोट घेतला आणि गंभीरपणे विचारलं, "हा काढा कोणत्या आजारावरचा?" काकू म्हणाल्या, "आजार नसेल तर ह्याने होईल." देविकाला पाव बाटली नेऊन दिली. ती म्हणाली, "सुधन्वा, लोक मला केस करतील."

मला वाटलं, भरड बारीक झाली असेल. जाड केली. पुन्हा अठरा तास, पुन्हा बसलो. तेच. तिसऱ्यांदा पाणी बदललं, भाऊसाहेबांच्या फिल्टरचं घेतलं. तेच.

आता एक विचारतो, रागावू नका. ह्या खेपेच्या बिया कढईत जरा जास्त तर भाजल्या गेल्या नाहीत ना? नाही म्हणजे, आई म्हणते तुम्हाला हल्ली धूर दिसत नाही, चष्मा बदलायचाय.

सुधन्वा

ता. क. आईने हे मला सांगितलं असं तिला सांगू नका.


चिखलदरा
८ मे २०२४

चि. सुधन्वास आशीर्वाद.

माझा चष्मा ठीक आहे. तुझ्या आईला तसं स्वतंत्र पत्र टाकलं आहे.

ह्याच खेपेच्या बियांची कॉफी मी आज सकाळी अठरा तासांनी गाळली. काकवीसारखी उतरली. दारावरचा पोस्टमनसुद्धा अर्धा पेला पिऊन गेला. तेव्हा दोष बियांचा नाही. राहिलास तू.

सातवीत होतास. मे महिन्यात इथे आला होतास. तुला अर्धा तास दुधावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. दूध उतू गेलं, आणि तू सापडलास जांभळाच्या झाडावर. विचारलं तर म्हणालास, "मी इथेच होतो, दूध लवकर तापलं." आजही तेच लिहितोस. मी इथेच होतो, कॉफी लवकर कडू झाली.

अठरा तास बसलो म्हणतोस. तीनदा. मला हे पटत नाही. एकदा भटकायला गेला असशील, परत आल्यावर मनाने तास भरले असशील. चूक झाली असती तर हसलो असतो. खोटं बोलून माझ्या झाडांवर ढकललंस, ते आवडलं नाही.

आणखी बिया मिळणार नाहीत.

राजाभाऊ


पहाडगंज
१५ मे २०२४

मामा,

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस कुठेच गेलो नाही. काकूंना वाटलं मी आजारी आहे. आयुष्यभर मी इतक्या थापा मारल्या, बहुतेक पचल्या. आणि ज्या एका गोष्टीत मी खरंच जागेवर बसलो, नेमकी तीच कुणाला पटत नाही. दुधाचं मी तेव्हा खोटं बोललो होतो, मान्य. जांभळं पिकली होती.

मग काय झालं ते ऐका. मी पुन्हा एक बरणी लावली होती, कशाला ते माहीत नाही, राग म्हणून. दुपारी काकू वाळलेले पापड उचलायला गच्चीवर आल्या, सावली म्हणून माझ्या खोलीत टेकल्या, आणि त्यांचा हात बरणीला लागला. "अरे, हिला ताप आहे," त्या म्हणाल्या.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. काकूंना ताप म्हटला की मोजायचाच असतो, तीस वर्षं शाळेतल्या मुलांचा मोजलाय. खाली जाऊन थर्मामीटर घेऊन आल्या, साबणाने धुतला, झटकला आणि बरणीत बुडवून घड्याळ लावलं. मी आणि भाऊसाहेब दोन बाजूंना उभे, घरात पेशंट असल्यासारखे.

एकशेदोन.

"बघ," काकू म्हणाल्या, "आणि तू हिला अठरा तास असंच ठेवतोस?"

मामा, बाहेर चव्वेचाळीस डिग्री आहे. माझ्या डोक्यावर पत्रा. तुम्ही लिहिलंत खोलीत ठेव, मी खोलीत ठेवली. पण तुमची खोली कुठली? मागची, दगडी भिंतींची. सातवीत मी तिथे मे महिन्यात गोधडी घेऊन झोपायचो, आठवतं. चहाला पाणी कोमट घ्यायचं की उकळतं एवढा फरक आपल्या दोन खोल्यांत आहे. तुमच्याकडे अठरा तासांत जे उतरतं ते इथे अर्ध्याहून कमी वेळात उतरतं, आणि राहिलेला वेळ नुसता कडूपणा उतरत राहतो. तुमच्या बिया बरोबर. तुमचे तासही बरोबर. आणि मी बसलो होतो.

पटणार नाही म्हणून दुसऱ्याच दिवशी तपासलं. नवी बरणी पहाटे पाचला लावली आणि दर थोड्या वेळाने पळीभर काढून भाऊसाहेबांना दिली. ते प्रत्येक घोटावर शेरा मारायचे. चार तासांना म्हणाले, "अपूर्ण. परत पाठवा." सहाला, "विचाराधीन." सातला ओठ चाटले आणि म्हणाले, "मंजूर." नऊला "हरकत आहे" म्हणाले. अकराव्या तासाला उठून गुळाचा डबा शोधायला गेले.

मग म्हटलं, झालं, सात तास. पण सातव्या तासाला गाळून घेतलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवूनही दुसऱ्या दिवशी आंबूस यायला लागली. देविकाला कशी देणार? आणि ऊन एक दिवस चव्वेचाळीस, एक दिवस वादळ आलं तर चौतीस, म्हणजे रोज वेगळी. तिला सेम पाहिजे.

उपाय पुन्हा काकूंचा. "ताप आल्यावर काय करतात?" बरणीला ओला पंचा गुंडाळला आणि कूलरसमोर ठेवली. इथली हवा इतकी कोरडी की पंचा अर्ध्या तासात वाळतो, पुन्हा भिजवायचा. पण बरणी माठासारखी गार. थर्मामीटरचा पारा वर चढायलाच तयार नाही. पहाटे पाचला लावली, संध्याकाळी सातला गाळली. चौदा तास. मामा, काकवी म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

आता माझ्याकडे तीनशे ग्रॅम बिया आहेत. तीन बरण्या, तीन दिवस. एकही चुकवून चालणार नाही. तुम्ही मला बिया देऊ नका, पण एक करा. एक बरणी तुमच्या अंगणात, लाकडाच्या शेडच्या पत्र्याखाली ठेवून बघा. अठरा तास. आणि प्या.

सुधन्वा


चिखलदरा
२० मे २०२४

चि. सुधन्वास आशीर्वाद. पत्र काल मिळालं. ताप आलेली कॉफी ह्या वयात पहिल्यांदाच ऐकली. पत्र्याखाली बरणी ठेवली आहे. तुझ्या पत्रावर विश्वास ठेवायचा की नाही ते माझी जीभ ठरवेल. बिया मागू नकोस.
राजाभाऊ


पहाडगंज
२५ मे २०२४

प्रिय मामा,
सा. न.

तुमचं कार्ड काल आलं. पत्र्याखालच्या बरणीचं पुढे काय झालं ते त्यात नाही, म्हणून मी ते उलटं करूनही बघितलं. बिया मागू नकोस लिहिलंत, मागत नाही. पण काय झालं ते ऐकाल तरी.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, तीन दिवस पहाटे पाचला बरणी लावली आणि दर अर्ध्या तासाला पंचा भिजवला. सकाळी आदल्या दिवशीची बाटली पोचवायला जायचो, तेवढा तास-दीड तास काकू बसायच्या. आशयने नाद सोडून दिला, आता तो इथेच येऊन बसतो. मंगळवार नीट गेला. बुधवार नीट गेला.

गुरुवारी बाराला लाइट गेली. कूलर बंद. गल्लीत ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघत होता आणि लोक त्याचे फोटो काढत होते. मी बरणी उचलून खाली पळालो, काकूंच्या देवघरात ठेवली, तिथे त्यातल्या त्यात गार असतं. पण नुसत्या ओल्या पंच्याने काय होणार, वारा पाहिजे. भाऊसाहेबांनी माळ्यावरून ताडाच्या पानाचा पंखा काढला, खुर्ची ओढली आणि बरणीला वारा घालायला लागले.

"पस्तीस वर्षं नोकरी केली," ते म्हणाले, "एका सेक्रेटरीला कधी वारा घातला नाही."

"मलाही नाही घातलात," काकू म्हणाल्या.

"तुला ताप कुठे आला कधी?"

"दोनदा टायफॉइड झाला होता."

ह्यावर भाऊसाहेब पंखा आणखी जोरात हलवायला लागले. मग मी घेतला, मग आशयने, मग काकूंनी. काकू एका हाताने कॉफीला आणि एका हाताने स्वतःला वारा घालत होत्या. आम्ही चौघं घामाने निथळतोय आणि मधोमध बरणी मजेत. तीनला लाइट आली. भाऊसाहेब म्हणाले, आता आपल्यालाही कुणी ओला पंचा गुंडाळा.

सातला गाळली. मी चाखली नाही. भीती वाटली.

काल शुक्रवार. देविकाने पहिल्या दोन दिवसांच्या बाटल्यांतली थोडी-थोडी फ्रीजमध्ये राखून ठेवली होती. तीन सारखे पेले घेतले, ओतले, आणि पाठ फिरवून उभी राहिली. आशयने पेले अदलाबदल केले. कोणता कुठल्या दिवसाचा ते त्याने हातावर लिहून ठेवलं. मग ती एकेक घोट घेत गेली. "हे बुधवारचं... नाही, रुको." पुन्हा पहिल्यावर. पुन्हा तिसऱ्यावर. कँटीनची माणसं हातातलं काम सोडून बघायला लागली. शेवटी तिने ठामपणे तीन दिवस सांगितले आणि आशयने हात दाखवला. तिन्ही चूक.

"सेम आहे यार," ती म्हणाली, आणि हसत सुटली. "बिल्कुल सेम. तीन जूनपासून दे."

मामा, मी कँटीनमधून पहाडगंजपर्यंत चालत आलो. एरवी मी वाटेत चार ठिकाणी थांबलो असतो. थांबलो नाही, ट्रम्पेटपाशीसुद्धा. काकूंना आधी सांगायचं होतं.

आता अडचण सांगतो, ती तुम्हाला कळलीच असेल. बिया संपल्या. देविकाला ह्याच बियांची पाहिजे, दुकानातल्या दुसऱ्या आणल्या तर सेम कशी होणार. म्हणून मी ठरवलंय की सोमवारी गाडीत बसायचं. गुरुवारच्या बरणीतली एक बाटली ठेवली आहे. ती बर्फाच्या डब्यात घालून घेऊन येतो. तुम्ही प्या. पिऊन जर वाटलं की मी बसलो नव्हतो, तर मी परतताना अकोल्याला उतरतो आणि सिमेंटच्या दुकानात जातो, एक शब्द बोलणार नाही. भाऊसाहेब म्हणतात, बर्फ भोपाळच्या आधीच वितळेल. आशय म्हणतो, डब्याला ओला पंचा गुंडाळ आणि खिडकीत धर. आज इथे मतदान आहे, भाऊसाहेब सकाळी सातलाच रांगेत होते, आता बोटावर शाई मिरवत झोपलेत. मी म्हटलं, घर शांत आहे तोवर पत्र लिहावं. खरं तर सोमवारी मीच येणार तर पत्र कशाला, पण तुम्हाला पत्राशिवाय

खाली बेल वाजते आहे. थांबा, आलोच.

मामा, मी वर आलो. आणि हे पत्र आता कुठल्या पेटीत टाकायचं ते मला कळत नाही, कारण तुम्ही माझ्या समोर वेताच्या मोढ्यावर बसला आहात.

स्टेशनपासून इथे विचारत विचारत चालत आलात, ह्या उन्हात, त्या गुडघ्यांनी. बियांची गोणी हमाल जिन्याखाली टाकून गेला. काकू पाणी घेऊन आल्या तर तुम्ही हातानेच नको म्हणालात. म्हणालात, "आधी तुझी कॉफी." पत्र्याखालच्या बरणीचं मी विचारलं, तर म्हणालात, "थू. काढा." बस एवढंच. मग गुरुवारच्या बाटलीतला पहिला घोट घेतलात आणि डोळे मिटलेत. अजून मिटलेलेच आहेत. भाऊसाहेब दारात उभे आहेत, शेऱ्याची वाट बघत. मला नुसतं बसवत नाही म्हणून मी लिहितोय.

दुसरा घोट.

तिसरा.

तुम्ही डोळे उघडलेत आणि पेला माझ्यापुढे धरलाय. रिकामा. उठतो.